'कमवा व शिका'मधून संवादक: मुलांना हे काम कसं द्यावं?

प्रश्न वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आला आहे. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम लिहितात: 'आमच्याकडे कमवा व शिका योजनेतली मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी देतात. त्यातल्या चार-पाच जणांना सामाजिक आणि राजकीय विषयांवर विद्यार्थ्यांच्या गटचर्चा चालवायचं काम द्यावं, असा विचार आहे. प्राचार्य म्हणतात, भांडणं होतील आणि गावापर्यंत जातील. काय करावं?'

मॅडम, काम जरूर द्या, आणि पैसे देऊनच द्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात अकरा वर्षं हे काम चालवलं. तुमच्या प्राचार्यांची भीती खोटी नाही. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात भांडण झालं, गावापर्यंत गेलं, आणि चूक माझी होती. ती आधी सांगतो, कारण पुढचं बहुतेक शहाणपण तिथूनच आलं.

विषय घेतला आरक्षण. संवादक म्हणून, म्हणजे चर्चा चालवायला, नेमला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल आणलेला मुलगा. फळ्यावर प्रश्न लिहिला, 'आरक्षण असावे की नसावे?' खोलीत बावीस मुलं-मुली. दहा मिनिटांत दोन तट पडले. संवादक स्वतःच एका बाजूनं बोलू लागला, आणि चांगला बोलला, टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलानं दप्तर उचललं आणि तो निघून गेला. मला वाटलं, रागावला असेल, उद्या येईल. तो आठ दिवस आला नाही. मग मी त्याच्या घरी गेलो तेव्हा कळलं, की तो आणि संवादक एकाच गावचे, एकाच एसटीनं येणारे. त्याचे वडील संवादकाच्या काकांच्या वावरात सालगडी होते. बस गावात पोचायच्या आधीच फोनवरून गोष्ट पोचली होती, आणि रात्री काकांनी त्याच्या वडिलांना विचारलं होतं, 'तुहा पोट्टा लय बोलते म्हणे कॉलेजात?' तो तर एक शब्दही बोलला नव्हता.

त्याच्या आईनं चहा दिला. तो खाली बघत म्हणाला, 'सर, वर्गात आमी बरोबरीचे हावो. गावात नाही.'

तो परत कॉलेजला आला, पदवीधरही झाला, पण चर्चेच्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही त्यानं. ते मला अजून लागतं.

पुण्या-मुंबईच्या कॉलेजात चर्चा संपली की मुलं गर्दीत मिसळून जातात. आपल्याकडे ती चर्चा मुलांसोबत एसटीत बसते, फाट्यावर उतरते आणि घरी जाते. खेड्यात कुणीच अनोळखी नसतं. त्यामुळे संवादक कोण, प्रश्न कोणता, खोलीत कोण बसणार, काय लिहून ठेवायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवा.

आता निवड. वक्तृत्वाची ढाल आणणारी मुलं हुशार असतात, पण जिंकायची सवय लागलेली असते त्यांना. मी पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातून माणसं हेरायला लागलो. एका शिबिरात रात्रीचे गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, कोणी घासायचे यावरून मुलांची चांगलीच जुंपली होती. बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मध्ये येऊन बसली आणि एकेकाला विचारत गेली, 'तुले काय वाटते?' कोणी मध्येच बोललं की हात वर करायची, 'थांब, याचं होऊ दे.' पंधरा मिनिटांत पाळ्या ठरल्या. ती कधी व्यासपीठावर चढलेली नव्हती, गुणही बेताचेच. आमच्याकडे झालेल्या संवादकांत तिच्या तोडीचं दुसरं कोणी झालं नाही.

नावाचंही सांगतो. प्रशिक्षणांमधला 'सुलभक' हा शब्द मुलांच्या तोंडी बसेना. ती 'गटप्रमुख' म्हणू लागली. ते मी थांबवलं, कारण प्रमुख म्हटलं की माणूस निकाल द्यायला लागतो. शेवटी 'संवादक' टिकलं.

संवादक नेहमी जोडीनं नेमा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९८८ पासून आंतरगट संवादाचा कार्यक्रम चालतो. तिथे प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थीच दोघांच्या जोडीनं गट चालवतात, आणि विषयात ज्या दोन बाजू असतील त्या दोन्हींकडचा एकेक जण जोडीत असतो. तिथे प्रश्न वर्ण, लिंग, धर्माचे. आपल्याकडे जात आहेच, पण त्यासोबत गाव आणि शेतीही आहे. आमच्या जोड्या अशा होत्या: एक वसतिगृहातला, एक अप-डाऊन करणारा; एकाच्या घरी ओलिताची शेती, दुसऱ्याच्या घरी मजुरी; शक्य असेल तिथे एक मुलगा, एक मुलगी. आणि संवादकाच्या गावचं कोणी त्याच्या गटात नको. हे पाळायला मी प्रत्येक गटाच्या नावांपुढे एसटीचा मार्ग लिहून ठेवत असे. कंटाळवाणं काम आहे, पण पहिल्या वर्षीसारखा प्रसंग पुन्हा आला नाही तो यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

प्रशिक्षणाला किमान सहा बैठका द्या. भाषणं देऊ नका, सराव करून घ्या. पहिला सराव परतवणीचा: समोरच्यानं जे सांगितलं ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, आणि तो 'हो, असंच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, पहिल्या दिवशी एकालाही जमत नाही, कारण सगळे परत सांगता सांगता उत्तर देऊ लागतात. दुसरा सराव गप्प बसण्याचा. प्रश्न विचारून झाला की मनात वीस मोजायचे. आपल्या मुलींना बोलायला अठराव्या आकड्याच्या आसपास धीर येतो आणि तोवर एखादा मुलगा बोलून मोकळा झालेला असतो.

तिसरा सराव प्रश्न बदलण्याचा. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला.

'आरक्षण असावे की नसावे' या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत आणि दोन्ही मुलांनी घरून पाठ करून आणलेली असतात. पुढच्या वर्षी तोच विषय आम्ही असा घेतला: 'तुमच्या घराण्यातलं पहिलं कोण कॉलेजात गेलं, आणि त्याला कशाकशाचा आधार मिळाला?' एका मुलीनं सांगितलं, आजोबा दीक्षाभूमीवरून परत आले आणि मुलाला शाळेत घातलं, पुढे शिष्यवृत्तीवर बाबा शिकले. कुणबी घरातल्या एका मुलानं सांगितलं, पंजाबराव देशमुखांच्या संस्थेच्या वसतिगृहात राहून काका शिकले. एक कोलाम आदिवासी मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आमच्या घरातून मीच पहिला.' खोली शांत झाली. त्यानंतर सामाजिक आरक्षण, आर्थिक निकष, अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण हे सगळं निघालं. मतभेद झाले, आवाज चढले, पण उठून कोणी गेलं नाही. उपवर्गीकरणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑगस्ट २०२४ चा निकाल त्या वर्षी ताजा असता, तर त्याचा कागद मी संवादकांच्या हाती दिला असता. आता तुम्ही द्या.

दारूबंदीचंही तसंच. 'बंदी हवी का?' असं विचारू नका. 'बंदीनं किंवा बंदी उठल्यानं तुमच्या ओळखीच्या एका घरात काय बदललं, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं?' असं विचारा. आपल्या भागात याला भरपूर माल आहे. वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्या गटात वणीकडचा मुलगा होता. चंद्रपुरात बंदी असताना नदीपलीकडून त्यांच्या गावाकडे संध्याकाळी कशा गाड्या यायच्या, हे तो सांगत होता. त्याच्यासमोर बसलेल्या मुलीची आत्या चंद्रपूर जिल्ह्यातली. तिनं सांगितलं, बंदीत चोरून मिळायची ती महाग, म्हणून घरातला पैसा आणखी जायचा, पण रस्त्यावरून जाताना बायकांना भीती कमी वाटायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. मत विचारलं असतं तर त्या मुलीला एकच सांगावी लागली असती.

हे सगळं काही आपण परदेशातून आणायला नको. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला संवादकांना एकदा घेऊन जा. तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगवेगळे आहेत. अभ्यासगटात माणसं विषय समजून घेतात, बाहेरच्या माणसालाही बोलवतात, प्रश्न विचारतात, आणि निर्णय तिथे घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत ही पद्धत वर्षानुवर्षं जपली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे, आणि त्यामागे ही सवय होती. आमच्या मुलांना तिथे एक गोष्ट पटली: ज्या खोलीत काही ठरवायचं नसतं, तिथे माणूस मत बदलू शकतो. म्हणून आपल्या चर्चेत मतदान नको, हात वर करणं नको, शेवटी 'मग काय ठरलं?' हा प्रश्न नको.

माहितीचा कागद मात्र हवा. प्रत्येक विषयाला अर्धं पान, दोन्ही संवादकांनी मिळून केलेलं, तुम्ही तपासलेलं. त्यात फक्त तारखा, आकडे, कायदा. वेगळ्या विदर्भावर आमचा कागद असा होता: १९५३ चा नागपूर करार, १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालात वेगळ्या विदर्भाची शिफारस, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात, १९९४ मध्ये विकास मंडळं आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. कापसावर करायचा तर २०२५-२६ चा क्विंटलचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये, आणि त्याच वर्षी कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं होतं, एवढं लिहा. बाकी मुलं सांगतील. एका घरचा कापूस खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, गेलेला असतो आणि तो खेडा खरेदीवाला दुसऱ्या कोणाचा तरी बाप असतो. कागदावर नसलेल्या आकड्यावरून वाद झाला, की संवादकानं फळ्याच्या कोपऱ्यात 'शोधायचं' असं लिहून तो तिथे ठेवायचा आणि पुढच्या बैठकीत उत्तर आणायचं. मोबाइल काढून तिथल्या तिथे खरं-खोटं करू द्यायचं नाही, त्यात पुन्हा जिंकणं-हरणं सुरू होतं.

मोबाइल तर दारातच टोपलीत. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, व्हॉट्सॲप गट नाही. संवादकाच्या नोंदीत नाव नाही, गाव नाही, 'एका मुलीनं' एवढंच. नोंदवही तुमच्या कपाटात, कुलपात. 'कोण काय बोललं' हे पाहायला मला एकदा वहीच मागण्यात आली होती. देता येण्यासारखं त्यात काही नव्हतंच, म्हणून मी निर्धास्तपणे दाखवली.

पैशाबद्दल. 'बोलणं हे काम कसलं?' असं तुम्हाला कार्यालयातून विचारतील. तुम्ही तासांचा हिशेब दाखवा. सव्वा तासाच्या एका बैठकीमागे संवादकाचा तासभर तयारीला जातो, अर्धा तास नोंद लिहायला, आणि आठवड्याला तासभर तो तुमच्यासोबत बसून काय चुकलं ते बोलतो. म्हणजे पावणेचार तास. सगळे धरा. फक्त सव्वा तासाचे पैसे दिले तर तयारी होत नाही आणि बैठक फसते. दर तुमच्या विद्यापीठाच्या योजनेप्रमाणेच राहील. कामाच्या यादीत हे बसतं का, ते प्राचार्यांमार्फत विद्यार्थी विकास विभागाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. तोंडी होकारावर सुरू केलेलं काम पहिल्या तक्रारीला बंद पडतं.

फुकट का नको, तेही प्राचार्यांना सांगा. दिवाळीनंतर आपले वर्ग का ओस पडतात, हे त्यांना ठाऊक आहे: कापसाची वेचणी. मजुरीच्या घरचं पोर त्या दिवसांत फुकटात चर्चा चालवायला थांबू शकत नाही, आणि थांबवूही नये. मग संवादक उरतात ते खात्यापित्या घरचे, आणि मग खोलीत पुन्हा गावच बसतं. बैठक फसली म्हणून पैसे कापायचे नाहीत, हेही सुरुवातीलाच लिहून ठेवा. नाहीतर संवादक फसलेली बैठक तुमच्यापासून लपवतील.

मुलींच्या पहिल्या दोन बैठका वेगळ्या घ्या, नंतर एकत्र. हे मला आवडत नव्हतं, एका सहकारी मॅडमनी आग्रह धरला आणि त्यांचंच बरोबर निघालं. आधी आपसात बोललेली गोष्ट मुली मग मुलांसमोरही बोलतात. वेळ अकरा ते एकच्या मधली. शेवटच्या गाडीच्या तोंडावर ठेवली तर मुली घड्याळाकडे बघत बसतात.

निवडणुका जवळ आल्या, की पुढारी विचारतील, 'आम्ही पोरांशी बोलायला येतो.' नाही म्हणा, सगळ्यांना सारख्याच शब्दांत. आपल्या बऱ्याच संस्थांच्या संचालकांचे राजकीय संबंध असतात, म्हणून हे 'नाही' प्राचार्यांच्या सहीनं वर्षाच्या सुरुवातीलाच सूचनाफलकावर लावून टाका, मग ते कोणा एकाला उद्देशून राहत नाही. आचारसंहितेच्या काळात आम्ही बैठका चालू ठेवल्या, पण उमेदवार आणि पक्ष यांवर नाही. 'आमदार नेमकं काय काम करतो, ग्रामपंचायतीचं काम कोणतं आणि त्याचं कोणतं' यावर त्या काळात मुलं मनापासून बोलतात.

संवादकालाही मत असतं, तो मतदार आहे. बैठकीत त्यानं मत मांडायचं नाही, बाहेर तो मोकळा. त्याच्या पक्षाची, झेंड्याची चौकशी आपण करायची नाही.

एक प्रसंग तुमच्याकडेही येईल, म्हणून सांगून ठेवतो. कर्जमाफीवर बैठक होती. एक मुलगा म्हणाला, 'कर्ज बुडवायची सवय लागते लोकायले.' समोरच्या मुलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, 'माह्या बाबानं फवारणीचं औषध घेतलं होतं.' संवादक मुलीनं वीस मोजले नाहीत, परतवणी केली नाही, विषय पुढे नेला नाही. आम्ही तसं शिकवलंच होतं: असं काही आलं की विषय संपला, माणूस सुरू. संवादकानं वही मिटली, त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली, आणि जोडीदार संवादकानं बाकीच्यांना बाहेर नेलं. त्या मुलाला मी वेगळं भेटलो. तो रडत होता, त्याला माहीत नव्हतं. अशा वेळी पुढे काय करायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या: तुमच्यापैकी कोण सोबत जाईल, जवळच्या सरकारी रुग्णालयात समुपदेशक केव्हा भेटतो, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक संवादकांच्या वहीच्या पहिल्या पानावर. त्या आठवड्यात संवादकालाही बोलवून घ्या. त्या संवादक पोरीनं मला नंतर सांगितलं, की ती दोन रात्री झोपली नव्हती.

सुरुवात चौघांपासून करा, दोन जोड्या, एकच सत्र. पहिला विषय जातीचा नको, धर्माचा नको. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाय, घ्या. पीक खाणारं जनावर मारावं का, यावर शेतकऱ्याचं पोर, वनखात्यातल्या माणसाचं पोर आणि जंगलाकाठच्या गावचं पोर तिघंही वेगळं बोलतात आणि कोणाच्या आडनावाला धक्का लागत नाही. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. बाकं बाजूला सारून सतरंजी टाका, म्हणजे मागचा बाक राहत नाही. पहिल्या बैठकीला तुम्ही खोलीत बसू नका. सरांकडे, मॅडमकडे बघून बोलायची मुलांची सवय आहे, तुम्ही दिसलात की सगळे तुमच्याशी बोलतील. व्हरांड्यात खुर्ची टाका, दार उघडं ठेवा. संवादकाला गरज वाटली तर तो उठून येईल. आमच्याकडे अकरा वर्षांत असं पाच वेळा झालं.